वाऱ्यांची नावं

आमच्या घरातल्या जुन्या माणसांपैकी एकाचीही जन्मतारीख खरी नव्हती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट एक जून लावला आणि तोच पुढे पेन्शनीच्या कागदापर्यंत गेला. खरं वय हवं असेल तर आजीला विचारावं लागे. आजी साल सांगत नसे, वारी सांगे. ‘तुझा बाप गुरुजींच्या वारीला मिसरूड फुटलेला व्हता.’ ‘धाकली आत्या सुईच्या वारीला पाळण्यात.’ ‘आन् तू पानशेतच्या वारीला कोंबड्यांमागं पळत व्हतीस.’ पुढे मी शाळेत इतिहास शिकवायला लागले. सनावळ्या पाठ करताना पोरं कंटाळायची, तेव्हा वाटायचं, ह्यांच्या घरी आजी नसावी.

फलटण सोडून पालखी बरडच्या वाटेला लागली की रस्त्याला लागूनच आमचं घर. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. पुणं, सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरा ओलांडते आणि लोणंद, तरडगाव, फलटण मागे टाकून आमच्या दारावरून जाते. पणजोबांच्या काळापासून एका दिंडीची दुपारची पंगत आमच्या अंगणात. आदल्या दिवशी दळणं, मध्यरात्रीपासून भाकऱ्या, पहाटे पिठल्याचं पातेलं चुलीवर. त्यामुळे इतकी माणसं आमच्या दारावरून पंढरपूरला गेली, पण आमच्या घरची बाई आषाढीला कधी गेली नाही. आजी दिंडीबरोबर गावच्या वेशीपर्यंत जायची, विणेकऱ्यांच्या पाया पडायची आणि खरकटी भांडी घासायला परत यायची.

बेत अक्काचा. अक्का माझी थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली. म्हणाली, ‘जन्मभर वाढलं. ही माणसं कुठं जातात ते एकदा बघू तरी.’ मी निवृत्त, गुडघे अजून शाबूत. माझ्या मुलाने रजा टाकली. अक्काची नात इंजिनिअरिंगला. ती हातातल्या घड्याळावर पावलं मोजायला म्हणून आली. आमच्या अंगणात जेवते त्याच दिंडीत नावं घातली, भिशी भरली. थोरली वहिनी एवढंच म्हणाली, ‘जावा. अंगण मी बघते.’

आळंदीला महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. आरफळचे हैबतबाबा पवार ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना कोंडून ठेवलं, सुटका झाली तसे ते आळंदीला आले आणि इथलेच झाले, असं सांगतात. त्याच्या आधी पालखी नव्हती असं नाही. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये देहूहून तुकोबांच्या आणि आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका एकाच पालखीत घालून पंढरीला न्यायला सुरुवात केली होती. पुढे दोन्ही पालख्या वेगळ्या झाल्या. माउलींच्या पालखीला आजचा थाट दिला तो हैबतबाबांनी, 1832 पासून. फौजेत वावरलेला माणूस. त्याने भक्तीला मुक्काम लावून दिले, दिंड्यांचे क्रम ठरवले. अंकलीचे शितोळे सरदार पाठीशी उभे राहिले. त्यांचे घोडे अजून बेळगावकडच्या अंकलीहून आळंदीला चालत येतात, आणि त्यांतल्या एकावर कुणी बसत नाही. ते माउलींचं घोडं. हे सगळं ऐकून नात म्हणाली, ‘म्हणजे हा माणूस लॉजिस्टिक्सवाला होता.’ अक्काने तिच्याकडे रागाने पाहिलं, पण पायरीला हात लावताना मला ते पटलं होतं.

त्या शिस्तीचा अर्थ अंगणातून कधी कळला नव्हता. आम्हाला दिसायची ती भुकेली पंगत. आत शिरल्यावर कळलं, की रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना नंबर आहेत आणि कुणी कुणाची जागा घेत नाही. पुढे पताका, मग टाळकरी, पखवाज, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. पहाटे तिनाच्या सुमाराला टँकरपाशी अंघोळीची रांग. तंबू उतरवून ट्रकमध्ये गेले की आपल्याजवळ उरतं ते गळ्यातली पिशवी आणि पावसाची खोळ. वाटेत अनोळखी पोरं पाय चेपून देतात, चांभार फुकट चप्पल शिवतात, डॉक्टर गोळ्या वाटतात. संध्याकाळी मुक्कामी समाजआरती. चोपदार दंड वर करतात आणि एवढा समुदाय चिडीचूप होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, आणि टाळ थांबतात. माझी सगळी नोकरी शाळेत गेली. अशी प्रार्थना मला एकदाही घेता आली नाही.

दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या. अक्का चपलेवर चालत होती, मी पोराने घेऊन दिलेल्या बुटांवर. घाटमाथ्यावर अक्काच्या टाचेला टचटचीत फोड. मुलाने सुईत दोरा ओवून फोडातून काढला आणि दोरा तसाच ठेवला. हे त्याला दिंडीतल्या एका म्हातारबुवांनी शिकवलं होतं. अक्का म्हणाली, ‘सुईची वारी झाली बघ माझी.’ मुलाला काही कळेना. मग सासवडच्या मुक्कामात, सोपानकाकांच्या गावात, त्याला ती गोष्ट सांगितली.

ब्रिटिश अजून गेले नव्हते तेव्हाची. वारीत पटकीची भीती असे, म्हणून सरकारने लस सक्तीची केली. टोचल्याची चिठ्ठी असेल तरच पंढरपुरात सोडायचे. सुईला माणसं वाघासारखी भ्यायची. आमच्या आजोबांचा एक चुलतभाऊ पैलवान गडी, वारीला निघालेला. दिंडीतल्या दोन म्हाताऱ्या ‘सुई टोचली की अंगात साहेब शिरतो’ म्हणून रडत बसल्या होत्या. ह्याने आपला दंड पुढे केला, चिठ्ठी घेतली, रांगेत मागे जाऊन पुन्हा उभा राहिला, मग आणखी एकदा. तिन्ही चिठ्ठ्या झाल्या. म्हाताऱ्या पंढरपूरला गेल्या आणि पैलवान आमच्या सोप्यात तापाने फणफणून पडला. आजी त्याला पेज भरवायची आणि विचारायची, ‘आता तुझ्या अंगात साहेब किती?’

त्या भीतीमागे आणखी जुनी एक वारी होती. ती आजीनेही पाहिली नव्हती, तिच्या सासूने सांगितलेली. पटकीची वारी. तेव्हा आमच्या भागात पाट नव्हता. भाटघरचं धरण 1928 साली पुरं झालं आणि नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी फलटण-माळशिरसच्या कोरड्या रानांत फिरलं. त्याआधी आषाढात पाऊस लांबला तर हजारो माणसं वाटेवरच्या मोजक्या विहिरींवर यायची. एकाच पाण्यावर पिणं, तिथेच धुणं, तिथेच हागणदारी. पटकीला आणखी काय लागतं? त्या वर्षी गावाने वेस बंद केली आणि भाकऱ्यांच्या दुरड्या वेशीबाहेर ठेवल्या. दिंडी गेली. मागे एक वारकरी निंबाखाली पडून राहिला. पणजोबांनी त्याला गोठ्यात आणलं. रात्रीतून गेला. नाव नाही, गाव नाही, गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरी सर्वपित्री अमावास्येला पितरांची पानं वाढून झाली की एक पान जास्तीचं वाढतात. त्याला ‘वारकऱ्याचं पान’ म्हणतात. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेला ही गोष्ट सांगावी लागते, नाहीतर ती पानांचा हिशेब चुकला असं समजते.

जेजुरीचा भंडारा कपाळावर घेऊन वाल्ह्याला आलो. पानशेतच्या वारीला पालखी ह्याच बाजूला होती. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि खडकवासल्याचा बांध वाहून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, तेव्हा पालखी घाट चढून पुढे आलेली होती. फोन नाहीत. बातमी ट्रकवाल्यांच्या तोंडून, दर कोसाला वाढत जाणारी. कुणी म्हणे शनिवारवाडा गेला, कुणी म्हणे पुणंच उरलं नाही. पुण्याची कितीतरी माणसं उलटी फिरली. आमच्या अंगणात दिंडी आली तेव्हा पंगत निम्मी. त्यात नदीकाठच्या पेठेतली एक बाई होती. भाकरी हातात घेऊन बसलेली, खाईना. आजी रात्रभर तिच्याजवळ बसून राहिली. पहाटे तिचा भाचा एसटीने फलटणला उतरून, विचारत विचारत आला. म्हणाला, ‘भिंती गेल्या मावशी, माणसं आहेत.’ बाईने ती शिळी भाकरी खाल्ली. उठली आणि म्हणाली, ‘मग आता भिंती बघायला कशाला जाऊ?’ आणि पंढरपूरच्या वाटेला लागली.

ही गोष्ट अक्काने सांगितली तेव्हा तंबूतल्या दहा-बारा बाया कान देऊन ऐकत होत्या. त्यांतल्या दोघी पुण्याच्या, ह्याच दिंडीत वर्षानुवर्षं चालणाऱ्या. दोघींनाही ती ठाऊक नव्हती. मला जरा चमत्कारिक वाटलं. दुसऱ्या दिवशी चालता चालता विणेकरीबुवांना विचारलं, ‘सुईच्या वारीचं तुम्ही काही ऐकलंय?’ बुवा ऐंशीच्या घरातले, वडिलांचा वीणा त्यांच्याकडे आलेला. ते म्हणाले, ‘सुईची कसली माउली? वारी ती वारी.’

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान झालं आणि आम्ही सातारा जिल्ह्यात, म्हणजे आमच्या मुलखात शिरलो. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण. दोन्ही बाजूंना दिंड्या उभ्या, मधून घोडे दौडत गेले आणि टापांखालची माती कपाळाला लावायला माणसांची झुंबड उडाली. नात घड्याळ विसरली होती. उसाच्या फडांमधून फलटण आलं.

आणि मग आमचं अंगण. खरं म्हणजे त्याचं जेवढं उरलंय तेवढं. पालखी मार्ग चौपदरी करायचं काम निघालं, 2021 च्या नोव्हेंबरात त्याची पायाभरणी झाली, आणि अंगणाचा पुढचा भाग दोन निंबांसकट रस्त्यात गेला. पंगत आता परसात बसते. दारात वहिनी तांब्या घेऊन उभी. माझ्यापेक्षा वयाने, मानाने मोठी. तिने माझ्या पायांवर पाणी घातलं आणि वाकली. मी मागे सरले, ‘अगं वहिनी, हे काय!’ ती खालूनच म्हणाली, ‘गप उभी राहा. मागं दिंडी खोळंबलीय.’ अक्काच्या पायावर पाणी घालताना मात्र दोरा ओवलेला फोड तिला दिसला आणि भक्ती बाजूला ठेवून तिने अक्काला चपलेवरून असं झापलं, की दिंडीला अजून थोडं खोळंबावं लागलं.

आम्हाला चुलीपाशी येऊ दिलं नाही. पंगतीत बसवलं. दादा भाकऱ्यांची दुरडी घेऊन ओळीतून येत होता, ‘भाकरी, माउली? भाकरी?’ माझ्यापुढेही तेच, त्याच सुरात. अक्काचे हात सवयीने दुरडीकडे गेले. ‘तू बस,’ वहिनी लांबून ओरडली. जन्मात पहिल्यांदा आम्ही आमच्या घरी वाढून घेत होतो, आणि ते वाढण्यापेक्षा अवघड होतं.

परसातल्या आडाचा कठडा तिथून दिसतो. त्याचीही एक वारी आहे, आणि आजी ती सहसा सांगत नसे. 1947 च्या मे महिन्यात, एक ते दहा तारखेपर्यंत, साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं आणि विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं झालं. त्यानंतर महिना-दीड महिन्यानेच आषाढी आली. ती गुरुजींची वारी. आमच्या अंगणापलीकडे, बांधावरच्या बाभळीखाली, एक छोटी दिंडी दरवर्षी विसाव्याला थांबायची. तिला पाणी आमच्या आडाचं, पण वरून ओतलेलं. त्या वर्षी त्यांच्यातला एकजण आडापर्यंत आला, दोराला हात न लावता उभा राहिला. आजोबांनी नेहमीसारखी घागर भरून लांबून ओंजळीत ओतली. तो पाणी प्यायला, ‘राम कृष्ण हरी’ म्हणाला आणि गेला. पुढच्या वर्षी ती दिंडी बाभळीखाली थांबली नाही. ‘देवानं दार उघडलं, आमी आड उघडला न्हाई,’ आजी म्हणायची. आजोबा गेल्यावर एका आषाढात तिने स्वतः दोर-पोहरा त्या आळीतल्या बायकांच्या हाती दिला. पण बाभळीखालचे लोक परत आले नाहीत. आजी दरवर्षी त्यांच्या वाटणीच्या भाकऱ्या थापायची आणि त्या उरायच्या.

मिलोची वारी मात्र मला स्वतःला आठवते. 1972 चा दुष्काळ, आणि 1973 च्या आषाढापर्यंत रेशनवरची तांबडी अमेरिकन मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला, अक्का तिच्याबरोबर. दिंडी दारात आली, एक अभंग म्हटला, पाणी प्याली आणि जेवायला न बसताच निघाली. विणेकऱ्यांनी घरची अवस्था ओळखली होती. आजीने होत्या तेवढ्या तांबड्या भाकऱ्या पाटीत घातल्या आणि उन्हात त्यांच्यामागे धावली. वेशीवर आडवी उभी राहिली. ‘उपाशी गेलासा तर माझं घर बुडंल. ऱ्हावा, न्हाईतर मला तुडवून जावा.’ दिंडी रस्त्यातच बसली. तुकडा तुकडा सगळ्यांना आला. निघताना त्यांच्या कोठीवाल्याने धोतराच्या सोग्यातली पायलीभर ज्वारी आजीच्या रिकाम्या पाटीत ओतली. आजीने ती दळली नाही, मृगात पेरली.

पंगत उठत होती तेव्हा वहिनीने विणेकरीबुवांना विचारलं, ‘ते घोगऱ्या आवाजाचे टाळकरी, मिरची मागायचे ते, ह्या खेपेला न्हाईत?’ बुवा म्हणाले, ‘मार्गशीर्षात गेले.’ वहिनीने पदर डोळ्याला लावला. आम्ही आळंदीपासून त्याच माणसांत होतो, त्याच टाळांच्या ओळीमागे चालत होतो, आणि त्या माणसाचा विषय एकदाही निघाला नव्हता. त्याच्या जागी दुसरा टाळकरी उभा राहिला होता, ओळ भरलेली होती.

बुवांचं ‘वारी ती वारी’ मला तिथे उमगलं. चालणाऱ्याला प्रत्येक वारी सारखीच असावी लागते. तीच तिथी, तेच मुक्काम, तेच अभंग, तोच क्रम. नेम म्हणतात तो हाच, आणि हैबतबाबांनी एवढी घट्ट बांधणी केली ती वारीने काळाला दाद देऊ नये म्हणूनच. धरण फुटो, दुष्काळ पडो, राज्य जावो, पालखी अष्टमीला निघते. वारी कुठे बदलते ते दिसतं फक्त दारात उभ्या असलेल्या माणसाला. वर्षातून एकदा एक तास तीच माणसं समोर बसतात, आणि कोण कमी झालं, कोण थकलं, कुणाची धोतरं फाटकी आहेत हे वाढता वाढता कळतं. चालणाऱ्यांनी लिहिलेलं आपण वाचतो. इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’मध्ये एकाच दिंडीत वेगळ्या बसणाऱ्या पंगतींबद्दल लिहिलं, दि. बा. मोकाशींनी चालून ‘पालखी’ लिहिलं. पण दीडशे मैलांच्या आतबाहेरच्या ह्या वाटेवर, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत, किती अंगणं असतील! त्या प्रत्येक अंगणात एक म्हातारी वाऱ्यांना नावं देत बसलेली असणार. वाट माहीत असते चालणाऱ्याला, वर्षं माहीत असतात थांबणाऱ्याला.

गावच्या वेशीवर अक्का थबकली. आजी इथून परत फिरायची. वहिनीही इथपर्यंत आली होती, पाया पडली आणि मागे वळली; परसात भांडी पडली होती.

पुढची वाट आम्हाला नवी. नातेपुते, माळशिरस, गोल रिंगण, पाऊस, चिखल, गळके तंबू. एका रात्री मुलगा आणि नात ट्रकच्या टपाखाली बसून झोपले आणि सकाळी एकमेकांशी बोलत नव्हते. दुपारपर्यंत दोघं एकाच ताटात जेवत होते. वेळापूरच्या अलीकडे धाव्याची जागा आहे. तिथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. उतारावर लाखभर माणसं धावत सुटतात. अक्काला मी म्हटलं, ‘आपण आपल्या चालीने जाऊ.’ पण मी वळून पाहीपर्यंत अक्का पुढे निघून गेली होती, पदर खोचून, मागे दोन्ही पोरं ‘आजी, आजी’ करत. मी बुटांनिशी सगळ्यांत मागे.

वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. तिथून पंढरपूर म्हणजे नुसती माणसांची सरक. गाभाऱ्यातलं दर्शन आम्हाला मिळालं नाही. रांग दिवसांच्या हिशेबात होती. चंद्रभागेत अंघोळ केली, नगरप्रदक्षिणा केली, कळसाला हात जोडले. अक्काची काही तक्रार नव्हती, तिला फक्त नामदेव पायरी पाहायची होती. पायरीच्या समोर चोखोबांची समाधी. हयातभर आत न गेलेला माणूस दाराबाहेर, आणि आत जाणारा प्रत्येकजण त्याच्यासमोरून जाणार. अक्काने पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली, घरची, आमच्या अंगणातली, वाळून खडखडीत झालेली. समाधीपाशी ठेवली. पहारेकऱ्याने हटकलं, ‘मावशी, इथं खायचं ठेवायचं नाही.’ अक्का म्हणाली, ‘उरलेली हाय बाबा, लई वर्षांची.’ तो काय समजला कोण जाणे; त्याने भाकरी उचलून अक्काच्या हातात परत दिली, पण तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला.

पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की बहुतेकांची वारी संपते. एसटीच्या गाड्या भरभरून सुटतात. आम्हीही एसटीने निघालो, पण फलटणच्या अलीकडे माहेरीच उतरलो. कारण पालखी एसटीने येत नाही. ती चालत परत आळंदीला जाते. परतीला टप्पे लांब, माणसं मोजकी, ना स्वागताच्या कमानी ना फुकट चहा. आजी परतवारीला जास्त जपायची. ‘जाताना जग वाढतं, येताना कोण?’ पानशेतच्या बाईची बातमीही घराला परतवारीतच कळली होती: ती पंढरपूरला पोचली होती. 2020 मध्ये करोनामुळे पादुका एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या, तेव्हा वहिनी दारात ताट घेऊन उभी होती. बस पोलिसांच्या गाड्यांमागून निघून गेली. पुढच्या वर्षीही तेच. ‘बसच्या वारीला’ आमची गाय व्याली, ‘दुसऱ्या बसच्या वारीला’ दादाचं ऑपरेशन. वहिनी आता आजीसारखंच बोलते. आमच्या वारीचं नाव तिने आम्ही पोचायच्या आतच पाडून ठेवलं होतं. मोटर दुरुस्तीवाल्याला फोनवर सांगत होती, ‘आवं न्हाई, नणंदांच्या वारीला जळाली ती, तवापासनं बंदच हाय.’

परतीच्या दिंडीसाठी ह्या खेपेला भाकऱ्या आम्ही दोघींनी थापल्या. वहिनी उंबऱ्यावर बसून बघत होती. पोरं परत कामाला गेली होती. एकाएकी तिने विचारलं, ‘रात्री तंबूत बायकांना जागा असते का गं नीट? आन् गुडघ्याचं काय?’ अक्का आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘तू जा. अंगण आम्ही बघतो.’

‘तुमी?’ ती हसली. ‘पिठल्यात मीठ किती घालतात ठाऊक हाय का त्या पातेल्याला?’ मग तिने बोटं मोडत सांगायला सुरुवात केली. बेसन किती, मिरच्या कुणाच्या शेतातल्या, पुढच्या ओळीत बसणाऱ्या दोघा बुवांना दात नाहीत म्हणून त्यांची भाकरी दुधात, आणि कोण येतं कोण येत नाही ते नीट बघायचं, नुसतं वाढत सुटायचं नाही. सांगता सांगता तिने कोपऱ्यातले माझे बूट ओढून पाय घालून पाहिले. घट्ट झाले. ‘एक नंबर मोठा लागंल,’ ती म्हणाली, ‘आन् आत्ताच घ्यावं लागंल, दिवाळीपर्यंत पायात रुळलं पायजेत.’